मिथेनचं यंत्र घेण्याआधी गोव्याच्या मिथेनची ओळख करून घ्या

प्रति,
सदस्य सचिव, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ
संचालक, पर्यावरण आणि हवामान बदल खातं
व्यवस्थापकीय संचालक, गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ

विषय : राज्यातल्या मिथेनचे उगम समस्थानिकांवरून ओळखण्याबाबत

महोदय / महोदया,

मिथेनचे सरकारी आकडे बहुधा गुणाकारातून येतात. इतकी गुरं, इतके हेक्टर भात, इतके टन कचरा, आणि प्रत्येकापुढे छापील गुणक. हे गणित हवेत पडताळून बघायचं बंधन कोणावर नाही. राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत २००९ पासून १२ प्रदूषक आहेत, त्यांत मिथेन नाही. पण उपग्रहांच्या नकाशांवर कचराडेपो ठिपक्यांसारखे दिसू लागल्यापासून प्रश्न विचारले जाणार हे उघड आहे. अशा वेळी एखादं महागडं यंत्र मागवून कार्यालयाच्या गच्चीवर बसवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग. आमची विनंती अशी, की तसं करू नये. निदान आधी करू नये. गोव्यातला प्रत्येक उगम कोणत्या सहीचा, म्हणजे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या) कोणत्या प्रमाणाचा, मिथेन सोडतो याची ऋतुवार नोंदवही अगोदर तयार करावी. ती नसेल तर गच्चीवरच्या यंत्रातून आकडे येतील, पण ते कोणाचे हे सांगता येणार नाही.

पद्धतीचं तत्त्व थोडक्यात. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो, उरलेला १.१ टक्का कार्बन-१३. चिखलातले जंतू मिथेन तयार करताना हलका कार्बन जास्त उचलतात. जमिनीखाली उष्णतेने शिजलेल्या वायूत जड कार्बनचं प्रमाण त्या मानाने अधिक राहतं. गवत-पाचोळा जळून निघालेला मिथेन सर्वांत जड. प्रमाण नमुन्यापासूनचा हा फरक दर हजारी मोजतात आणि त्याला डेल्टा म्हणतात. हवेतल्या मिथेनचा डेल्टा आज उणे ४८ च्या आसपास आहे. भातशेती साधारण उणे ६२, कचराडेपो उणे ५५, नैसर्गिक वायू उणे ३० ते उणे ५०, जाळपोळ उणे २२ च्या आगेमागे. २००७ पासून जगभरच्या हवेत मिथेन वाढतो आहे आणि त्याच वेळी हलकाही होतो आहे. ही वाढ मुख्यतः जंतूंच्या बाजूने आहे, असं शास्त्रज्ञ म्हणतात ते याच आधारावर.

हे कोष्टक बघून काम झालं असं वाटणं, ही पहिली फसगत. गुरांचंच घ्या. युरोपातली गाय जे गवत खाते ते सी-३ गटातलं (हवेतला कार्बन पकडायच्या पद्धतीवरून वनस्पतींचे हे गट पडतात; सी-४ गटात जड कार्बन जास्त), तिच्या ढेकरेतला मिथेन उणे ६५ ते उणे ७०. आपल्याकडे नेपियर, मका, पडीक जागेवरचं बरचसं गवत सी-४ गटातलं. त्यावर पोसलेल्या गाईचा आकडा उणे ५० ते उणे ५५ वर येतो. तीच गाय भाताच्या पेंढ्यावर ठेवली की पुन्हा उणे ६५ कडे सरकते. म्हणजे सत्तरी तालुक्यातल्या गोठ्याचा आकडा जानेवारीत एक आणि ऑगस्टात दुसरा असू शकतो, आणि नेपियरवरची गाय कचराडेपोशी जुळते. डेपोवर चरणारी गुरं या हिशेबात कुठे बसवायची, ते आपणच सांगावं.

दुसरी फसगत बेरजेची. समजा हवेत वाढलेल्या मिथेनचा उगम उणे ५१ निघाला. तो नेपियरवरच्या गुरांचा असेल. किंवा उणे ४० चा पाइपलाइनमधला वायू आणि उणे ६२ चं भात, निम्मे-निम्मे मिसळले असतील. सरासरी तीच, उणे ५१. एका आकड्यावरून तीन उगमांचे वाटे निघत नाहीत. म्हणून हायड्रोजनचा डेल्टाही हवा. नैसर्गिक वायूत तो उणे १८० च्या आसपास, भात-पाणथळीत उणे ३२० च्या आसपास, म्हणजे त्या मिश्रणाचा उणे २५० येईल. गुरांचा उणे ३०० च्या खाली. तिथे दोघे वेगळे होतात. शिवाय इथेन मोजावा. जंतूंच्या मिथेनसोबत इथेन जवळजवळ नसतो, पाइपच्या वायूत असतो. दाभोळ-बंगळूर वाहिनीवरून आलेला वायू आता गोव्यात घरगुती जोडण्यांपर्यंत पोचला आहे. त्यात जहाजातून आणलेला द्रवरूप वायूही असतो आणि प्रत्येक खेप एकाच देशातली नसते. त्यामुळे वाहिनीतला नमुना वर्षातून एकदा घेऊन भागणार नाही, महिन्यातून एकदा घ्यावा.

गच्चीवरचं यंत्र एकट्याने का पुरत नाही, हे साध्या गणिताने दिसतं. पार्श्वभूमी, म्हणजे उगमांपासून दूरची हवा, २ पीपीएम (दहा लाख भागांत २) आणि उणे ४८ धरा. उणे ५५ चा उगम त्यात मिसळून पातळी २.१ झाली, तर मिश्रणाचा डेल्टा उणे ४८.३३ येतो. फरक एक तृतीयांश. लेझरवर चालणाऱ्या कॅव्हिटी रिंग-डाउन यंत्राची अचूकता साध्या हवेत काही मिनिटांच्या सरासरीवर अर्ध्या ते एकाच्या दरम्यान असते. म्हणजे शोधायची खूण यंत्राच्या थरथरीतच बुडाली. पातळी ४ पीपीएम असेल तर डेल्टा उणे ५१.५, आणि १० असेल तर उणे ५३.६; तिथे हेच यंत्र छान काम करतं. ते उगमाजवळ न्यायचं आहे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ५० ते २०० मीटरवर. लांबची, पातळ झालेली हवा बाटलीत भरून मास स्पेक्ट्रोमीटरवर (हलके-जड रेणू वस्तुमानावरून वेगळे मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) चालवायची. तिथली अचूकता ०.१ च्या आत असते.

उगमाचा आकडा काढायची रीत कीलिंग आलेखाची. एका अक्षावर डेल्टा, दुसऱ्यावर पातळीचा व्यस्त (१ भागिले पीपीएम), आणि रेषा शून्यापर्यंत लांबवली की उगमाची सही. रेषा लांबवायची म्हणजे चूकही लांबते, म्हणून नमुन्यांत पातळीचा विस्तार मोठा हवा. सगळे नमुने २.०० ते २.१५ मधले असतील तर त्या रेषेवर विश्वास ठेवू नये, कितीही सुबक दिसली तरी. दोन्ही अक्षांवर त्रुटी असल्याने साधी लघुतम वर्ग रेषा न घेता यॉर्क पद्धत वापरावी. अहवालात उगमाच्या आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता छापलेली नसेल, तर तो अहवाल परत पाठवावा.

आता प्रत्यक्ष नमुने. खरी गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि मिथेन तिच्यात साचतो. पहाटे ४ ते ६ ही सर्वोत्तम वेळ. दुपारी समुद्रावरून खारा वारा आत शिरला की सगळं पातळ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दऱ्या-खोऱ्यांत हे साचणं चांगलं होतं. पावसाळ्यात वारा सतत असल्याने जवळजवळ होत नाही, तेव्हा उगमावर सुटणारा वायू धरून ठेवणारी बंद पेटी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. नमुने घेता घेता वारा फिरला तर कीलिंगची रेषा मध्येच वाकते. अशी फेरी सरळ टाकून द्यावी. दोन उगमांची मिळून एक सही काढण्याचा मोह धरू नये.

बाटल्या १२० मिलीच्या काचेच्या सीरम बाटल्या, ब्युटाइल रबराचं बूच, वर अॅल्युमिनियमची टोपी यंत्राने आवळलेली. बुचं वापरण्याआधी पाण्यात उकळून सुकवावीत, कारण काही नवी बुचं स्वतःच वायू सोडतात. बाटली आधी निर्वात करायची, मग भरताना सिरिंजने २० ते ३० मिली जास्त हवा दाबायची. गळती झालीच तर ती आतून बाहेर होईल, प्रयोगशाळेतली हवा आत येणार नाही. बाहेरून आत गळली तर आकडा हळूहळू उणे ४८ कडे ओढला जातो आणि आतून बाहेर गळली तर हलका मिथेन आधी निसटून उरलेला जड दिसतो. दोन्हींत उणे ५५ चा डेपो उणे ५३ दिसेल आणि कोणाला संशयही येणार नाही. म्हणून प्रत्येक दहा बाटल्यांमागे एक बाटली माहीत असलेल्या वायूने भरून त्याच पेटीतून, त्याच उन्हातून फिरवून आणावी. पिशव्या वापरायच्याच असतील तर बहुपदरी फॉइलच्या. साध्या पारदर्शक पिशव्या दोन-चार दिवसांवर भरवशाच्या नाहीत. नळी सिलिकॉनची नको. ती वायू झिरपू देते.

ओलावा वेगळाच. आपल्या हवेत मॅग्नेशियम परक्लोरेटची सुकवणारी नळी तासाभरातही गोळा होऊन बसते आणि पंपाची हवा अडते. नळीच्या दोन्ही टोकांना काचेची लोकर घालावी आणि आतला पहिला तृतीयांश भाग ओला दिसला की बदलावी. पावसाळ्यात दोन नळ्या ओळीने लावाव्यात.

कचऱ्याचा वायू थेट यंत्रात सोडू नये. साळगाव आणि काकोडा प्रकल्पांतल्या पाचक टाक्यांचा वायू अर्ध्याहून जास्त मिथेन असतो, यंत्र बघतं पीपीएममध्ये. ५० टक्क्यांचा वायू १ मिली घेऊन १ लिटर शून्य हवेत (मिथेन काढून टाकलेल्या हवेत) सोडला की ५०० पीपीएम. त्यातला १० मिली पुन्हा १ लिटरमध्ये की सुमारे ५ पीपीएम. पातळ करायला शुद्ध नायट्रोजन घेऊ नये. लेझर यंत्राची रेषा आजूबाजूच्या वायूवर अवलंबून असते आणि नायट्रोजनमध्ये आकडा सरकतो. दुसरं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. डेपो, सेप्टिक टाकी, खारफुटीचा चिखल, सगळीकडे तो आहे आणि लेझर यंत्राला तो मिथेनच्या जड रेणूसारखा भासून आकडा बिघडवतो. यंत्रापुढे तांब्याच्या किसाची नळी लावली की तो अडतो. कीस काळा पडला की बदला. आणि वायूच्या तोंडाशी साधा पंप चालवू नये. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीची वाट बघणारं मिश्रण. मडगावजवळच्या सोनसोडो कचराडेपोची २०१९ ची आग सर्वांच्या लक्षात आहे.

डेपोवर नमुना एका जागचा घेऊन भागत नाही. एक मीटर खोल नळी घालून आतला वायू, आणि पृष्ठभागावरून सुटणारा वायू, असे दोन्ही लागतात. वरच्या मातीतले जंतू जाता जाता मिथेन खातात आणि हलका आधी खातात, म्हणून बाहेर पडणारा जड असतो. आत उणे ६० आणि बाहेर उणे ५५ निघाला, तर ५ चा हा फरक आणि जंतूंचा विभाजन गुणांक (हलका मिथेन जडापेक्षा किती पट वेगाने खाल्ला जातो तो आकडा) १.०२५ धरून मातीने साधारण २० टक्के मिथेन खाल्ला असं गणित येतं. हा किमान अंदाज समजावा. वायू मातीतून झिरपतानाही हलका पुढे निघतो आणि त्याने खरं खाणं झाकलं जातं. आपल्याकडची चिऱ्याची लाल माती आच्छादन म्हणून कितपत काम करते, हे याच मोजणीतून कळेल. महामंडळाला त्याचा थेट उपयोग आहे, कारण पावसाळ्यात ताडपत्री घातली की ती माती श्वास घेत नाही आणि वायू कडेने सुटतो. ताडपत्री घालण्याच्या आधी एक आणि नंतर एक, अशा दोन फेऱ्या तरी कराव्यात.

सर्वांत कमी लक्ष जातं ते खाजनांकडे (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनींकडे), आणि गोव्याचा खरा वेगळेपणा तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, लिटरमागे जवळजवळ २.७ ग्रॅम. सल्फेटवर जगणारे जंतू मिथेनवाल्या जंतूंचं अन्न पळवतात, म्हणून खाऱ्या चिखलातून मिथेन कमी निघतो. मानशीची (बांधातल्या, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची) दारं आणि पाऊस मिळून हे समीकरण फिरवतात. जून-जुलैत पावसाने खारेपणा धुऊन गेला, कोरगुट (खारेपणा सोसणारं भात) उभं राहिलं, की तीच जमीन मिथेन सोडू लागते. सुगीनंतर दारं उघडून भरतीचं पाणी आत घेतलं, की पुन्हा थांबते. आतल्या तालुक्यांतली वायंगण (पावसाळ्यानंतरची, ओलिताच्या भाताची) शेती मात्र पूर्णपणे गोड्या पाण्यावर. दोघांना एकच भाताचा गुणक लावणं चूक आहे. मग प्रत्येक फेरीत पाण्याची क्षारता आणि सल्फेट नोंदवलं नाही, तर खाजनाचा मिथेन आकडा वाचताच येणार नाही.

शेतातली पेटी ५० बाय ५० सेंटिमीटरची, उंची एक मीटर, पारदर्शक अॅक्रिलिक, आत बॅटरीवरचा छोटा पंखा, खाली पाण्याची खाच असलेली कडी. कडी आदल्या दिवशी रोवून ठेवावी. झाकल्यापासून ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी तीनतोंडी चावी लावलेल्या ६० मिलीच्या सिरिंजने नमुने ओढावेत, प्रत्येक वेळी दोन सिरिंज पूर्ण आणि तिसरी अर्धी, म्हणजे बाटली दाबून भरते. चिखलात पाय रोवून उभं राहू नये, फळी टाकावी. पायाच्या दाबाने बुडबुडे सुटतात आणि पहिलाच नमुना भलता मोठा येतो. तसा आला तर फेरी रद्द. चिखल ढवळून बुडबुडे गोळा करणं सोपं असतं, पण रोपाच्या पोकळ देठातून बाहेर येणारा मिथेन त्याहून हलका असतो आणि हवेत बहुतेक तोच जातो. रोपांशिवायची पेटी म्हणूनच चालणार नाही.

साळावलीसारखी धरणं, पणजी-मडगावची मलनिस्सारण केंद्रं, नाले, घरोघरच्या सेप्टिक टाक्या हेही यादीत आहेतच. तिथे वरचीच पद्धत चालते. धरणावर इतकंच जपावं, की उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपलेला असतो आणि सांडव्यातून किंवा तळाच्या दारातून सोडलेल्या पाण्याचा मिथेन वेगवेगळा निघतो. मुरगाव बंदरावर कोळसा उतरतो खरा, पण खाणीतून काढताना आणि वाटेत त्याचा बराचसा वायू निघून गेलेला असतो. त्यामागे लागण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

पार्श्वभूमीची हवा कुठून घ्यायची, याचं उत्तर गोव्याकडे आधीपासून आहे. काणकोणातल्या काबो द राम इथून १९९३ पासून काही वर्षं बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेकडे तपासायला जात असे. पावसाळ्यात तिथे दक्षिण गोलार्धाकडून आलेली स्वच्छ हवा आणि हिवाळ्यात दख्खनवरून उतरलेली मळकी हवा मिळते, हे त्या नोंदींतून दिसलं. पार्श्वभूमीचा एकच वार्षिक आकडा घेता येत नाही, ऋतूगणिक तो बदलावा लागतो, हे त्यातून ओघानेच आलं. ते ठिकाण पुन्हा सुरू करावं. पंधरवड्याला दोन बाटल्या पुरेत.

विश्लेषण कुठे, हा प्रश्न येईल. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, दोन्हींकडे स्थिर समस्थानिकांचे मास स्पेक्ट्रोमीटर आहेत. पण मास स्पेक्ट्रोमीटर असणं आणि तो हवेतल्या २ पीपीएम मिथेनवर चालणं यांत बरंच अंतर आहे. आधी हवेतून मिथेन गोठवून वेगळा काढणारी जोडणी लागते, मग १००० अंशांच्या आसपास भट्टीत जाळून कार्बन डायऑक्साइड करावा लागतो. हायड्रोजनसाठी १४०० अंशांहून वर तापवून मोडावा लागतो. हवेतला क्रिप्टॉन मिथेनसोबत आला तर कार्बनचा आकडा बिघडवतो, म्हणून त्याला स्तंभात वेगळं काढण्याची सोय हवी. ही जोडणी उभारायला लेझर यंत्रापेक्षा कमी पैसा आणि जास्त माणूसबळ लागतं. खात्यांना याच्या उलट व्यवहार सोपा जातो, हे आम्ही जाणतो. एकाच नमुन्यावर निरनिराळ्या नामांकित प्रयोगशाळांच्या कार्बन आकड्यांत अर्ध्यापर्यंत आणि हायड्रोजनच्या आकड्यांत १३ पर्यंत तफावत आढळलेली आहे. त्यामुळे एकच भरलेला सिलिंडर किमान दोन प्रयोगशाळांत फिरवल्याशिवाय कोणाचेही आकडे एकत्र करू नयेत.

कामाचा आवाका असा : सहा प्रकारचे उगम, प्रत्येकाच्या तीन जागा, वर्षातून चार वेळा, दर वेळी दहा बाटल्या. ७२ फेऱ्या, ७२० बाटल्या. दिवसाला १२ नमुने चालले तर ६० दिवसांचं विश्लेषण, एका वर्षात आरामात बसणारं. आणि समस्थानिक वाटा सांगतात, टन सांगत नाहीत. कोणता उगम किती टन सोडतो यासाठी पेटीची मोजणी किंवा खूणवायू (मोजून सोडलेला, ओळखता येणारा दुसरा वायू) सोडून प्लूम, म्हणजे वाऱ्याबरोबर जाणारा वायूचा लोट, मोजणं वेगळं करावं लागेल. एकाच अहवालात दोन्ही असल्याचा दावा कोणी केला, तर टन कसे काढले हे आधी विचारावं.

आपल्याकडून हवं ते फारसं नाही. महामंडळाने प्रकल्पांच्या वायूवाहिन्यांवर नमुना घ्यायची तोटी बसवून द्यावी आणि जास्तीचा वायू जाळणारी ज्वाला कधी पेटती व कधी विझलेली होती याची नोंद द्यावी. विझलेली ज्वाला म्हणजे अख्खा वायू हवेत. खाजनात पेट्या ठेवायला कोमुनिदाद (गावच्या सामुदायिक जमिनीची संस्था) आणि कूळ संघटना या दोघांचीही संमती लागते, ती खात्याच्या पत्राने लवकर मिळते. मंडळाने प्रत्येक बाटलीचा कच्चा आकडा, वेळ, वारा, क्षारता, वैरण यांसह संकेतस्थळावर टाकावा. सरासरी काढलेले तक्ते नकोत.

खात्याची ही पत्रं सप्टेंबर अखेरपर्यंत निघाली, तर सरद (पावसाळी) भात पाण्यात उभं असताना पहिली फेरी होईल. ऑक्टोबर उलटला की शेतं सुकतात, आणि ती फेरी पुढच्या पावसाळ्यावर जाते.

कळावे,
समस्थानिक मोजमापाच्या क्षेत्रात काम करणारे गोव्यातले काही जण